तुम्ही विचारलंत म्हणून: तक्रार नेमकी कुठल्या ऑफिसात द्यायची?

"ताई, तक्रार नेमकी कुठे करायची?" मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. भोसरी-चिंचवडच्या छोट्या कंपन्यांमध्ये पगारपत्रकं, पीएफ, ईएसआयसी (कामगार विमा) हे काम मी बरीच वर्षं केलंय, त्यामुळे ओळखीतले, त्यांच्या ओळखीतले, सोसायटीतले असे सगळेच येतात, कुणाचा पगार अडकलेला असतो, कुणाच्या खिडकीखाली वर्कशॉप सुरू झालेलं असतं. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

माझं उत्तर असं, की ऑफिस शोधायच्या आधी तक्रार फोडा. त्रास आपल्याला एकच वाटतो, पण सरकारात तो एका टेबलावर नसतो.

मध्यंतरी एक काका चार पानी अर्ज घेऊन आले. त्यांच्या बिल्डिंगला लागून फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, वीस-पंचवीस माणसं कामाला, साइड मार्जिनमध्ये, म्हणजे बाजूला मोकळ्या सोडायच्या जागेत, पत्र्याचं शेड ठोकलेलं, रात्री उशिरापर्यंत ग्राइंडर, रंगाचा वास थेट स्वयंपाकघरात, आणि त्यांचा भाचाही तिथेच कामाला, त्याचा पगार थकलेला, पीएफ कापतात पण पासबुकात एंट्रीच नाही. हे सगळं एकाच अर्जात. विषय: 'न्याय मिळणेबाबत'. आणि प्रत मुख्यमंत्री, जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त, महापालिका आयुक्त, सगळ्यांना.

आता आवक-जावकच्या टेबलावर काय होतं ते बघा. तिथल्या माणसासमोर टपालाचा गठ्ठा असतो, तो चार पानं वाचत बसत नाही, बसूच शकत नाही, तो विषयाची ओळ बघतो आणि कोपऱ्यात विभागाचं नाव टाकून अर्ज पुढे सरकवतो. म्हणजे तुमचा अर्ज कुठे जाणार हे त्या एका ओळीवर ठरतं. विषयात नुसता न्याय मागितला की अर्ज या विभागातून त्या विभागात फिरत राहतो, आणि शेवटी 'सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही' असं पत्र घरी येतं. खूप लोक इथेच हात टेकतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण तक्रार खरी असते.

काकांच्या अर्जाचे आम्ही तुकडे केले. शेडची तक्रार महापालिकेच्या अनधिकृत बांधकामाच्या विभागाकडे, विषयातच सर्व्हे नंबर आणि 'साइड मार्जिनमधील विनापरवाना शेड' असं स्पष्ट, म्हणजे त्या भागाच्या बीट निरीक्षकाला जागेवर जाऊन काय बघायचं ते कळतं आणि नगररचना कायदा 1966 च्या कलम 53 खाली नोटीस काढता येते. वास आणि ग्राइंडर प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, त्यात एकच मुद्दा, की या युनिटकडे मंडळाचं संमतीपत्र आहे का ते तपासा. थकलेला पगार कामगार आयुक्तांकडे. पीएफ मात्र ईपीएफओकडे (भविष्य निर्वाह निधी संघटना), ते केंद्राचं खातं, राज्याच्या कामगार ऑफिसात कितीही खेटे घातले तरी तिथला अधिकारी पीएफ वसूल करून देऊ शकत नाही. ग्राइंडरला गार्ड नव्हतं, ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवलं, जुने लोक ज्याला अजून फॅक्टरी इन्स्पेक्टरचं ऑफिस म्हणतात तेच. प्रत्येक अर्ज अर्ध्या पानाचा. शेडची नोटीस आधी निघाली, पीएफच्या चौकशीचं पत्र नंतर आलं.

नोकरीच्या तक्रारीत पहिला प्रश्न, तुम्ही काम करता ती जागा कुणाची? बँक, रेल्वे, विमा कंपनी, विमानतळ, खाण असेल तर केंद्रीय कामगार आयुक्त, आणि ठेकेदारामार्फत बँकेत हाऊसकीपिंग करणाऱ्या बाईलाही हेच लागू. बाकी बहुतेक खासगी कंपन्या, दुकानं, हॉटेलं राज्याच्या कामगार आयुक्तांकडे, पुण्यात ते ऑफिस वाकडेवाडीला आहे. मुंबईत दुकानांचं काम महापालिकेचं दुकाने व आस्थापना खातं वॉर्डातून बघतं, त्यामुळे पुण्याच्या मित्राने सांगितलेला पत्ता मुंबईत चालेलच असं नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर अर्जात मूळ कंपनीचंही नाव टाकाच, ठेकेदार देत नसेल तर पैसे देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, आणि ठेकेदार बदलतात, पळून जातात, कंपनी जागेवर राहते.

आणखी एक, 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्यात, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या नमुन्यातली कलमं उतरवू नका. कलम न लिहिता महिना, रक्कम आणि तारीख लिहिली तरी पुरतं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत मिळाला पाहिजे, आणि नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तर हिशोब कामाच्या दोन दिवसांत, हे वेतन संहितेत आहे.

लैंगिक छळाची तक्रार असेल तर ऑफिस शोधण्यात वेळ घालवूच नका, घटनेपासून 3 महिन्यांची मुदत असते. 10 किंवा जास्त माणसं असतील तर कंपनीची अंतर्गत समिती, त्याहून कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती, घरकाम करणाऱ्या बायकांनाही तिथे जाता येतं, हे फार कमी जणींना माहीत असतं म्हणून मुद्दाम सांगते.

आता हद्दीचं. आमच्याकडे तर रस्ता ओलांडला की ऑफिस बदलतं. भोसरीत एमआयडीसीच्या प्लॉटवरच्या बांधकामाची परवानगी एमआयडीसी देते, शेजारच्या गल्लीत महापालिका. हिंजवडीत तर ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) तिघंही आहेत. खडकी, देहूरोडला कॅन्टोन्मेंट बोर्ड. म्हणून मी आधी विचारते, की मिळकत कराची पावती कुणाची येते आणि बांधकाम परवानगीवर शिक्का कुणाचा आहे? ज्याने परवानगी दिली त्यालाच ती तपासता येते. सोसायटीची कमिटी कागद दाखवत नाही, मीटिंग घेत नाही हे सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे, पण त्याच सोसायटीतलं बेकायदा बांधकाम उपनिबंधक पाडू शकत नाहीत. रात्री 10 नंतरचा डीजे पोलिसांकडे, 112 वर, तिथे महापालिकेच्या अ‍ॅपवर तक्रार टाकून सकाळपर्यंत वाट बघण्यात अर्थ नाही.

एवढं करूनही खातं सापडत नसेल तर माहिती अधिकार वापरा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एवढंच विचारायचं, की अमुक ठिकाणच्या अमुक बाबीवर कारवाई करण्याचे अधिकार ज्या अधिकाऱ्याला आहेत त्याचा हुद्दा आणि त्या आदेशाची प्रत द्या. अर्ज चुकीच्या ऑफिसात गेला तरी कलम 6(3) प्रमाणे त्यांनी तो 5 दिवसांत योग्य ऑफिसकडे पाठवायचा असतो. साध्या तक्रार अर्जाला अशी सक्ती कुणी पाळत नाही, म्हणून मला हे कलम फार मोलाचं वाटतं. अधिकाऱ्याचं नाव-हुद्दा कागदावर आला की पुढचा अर्ज थेट त्याच्या नावाने.

पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही पाहिजेत. 'ठेवून जा, बघतो' म्हणाले तर स्पीड पोस्टाने पाठवा. नंतर विचारायला जाल तेव्हा आवक क्रमांक सांगा आणि फाईल कुणाच्या टेबलावर किती दिवस आहे ते विचारा, महाराष्ट्रात दप्तर दिरंगाईचा कायदा आहे, 2005 चा, त्यात फाईल एका कर्मचाऱ्याकडे साधारण 7 कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये असं म्हटलंय. तरीही हलली नाही तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, अधिकारी समोर बसून तक्रारी ऐकतात, त्याचा अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो.

राहिला तुमच्यापैकी अनेकांचा प्रश्न, नोकरी चालू असताना नाव कसं द्यायचं. ती भीती खरी आहे, कुणी 'घाबरू नका' म्हटल्याने ती जात नाही. अशा वेळी एकट्याने अर्ज देऊ नका, ज्यांचा ज्यांचा पगार किंवा पीएफ अडकलाय त्या सगळ्यांनी मिळून सह्या करा, युनियन असेल तर त्यांच्या लेटरहेडवर द्या, आणि हजेरी कार्ड, पगार स्लिप, बँक स्टेटमेंट, पीएफचं पासबुक या सगळ्यांचे फोटो अर्ज द्यायच्या आधी काढून घरच्या कुणाच्या तरी मोबाइलवर पाठवून ठेवा.