मागे बसलेला माणूस

आज परतीच्या कसारा लोकलमध्ये दादर सुटलं आणि दारापाशी दोघांचं जुंपलं, डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडवरून. पन्नाशीचे काका एकदम ठाम, "गिटारिस्ट ब्लॅकमोर १९९३ ला टूर अर्ध्यात टाकून गेला तिथेच बँड संपला, आता नुसतं नाव चाललंय." समोर कॉलेजातला मुलगा, अंगात त्याच बँडचा काळा टीशर्ट, धुऊन धुऊन छातीवरची अक्षरं तडकलेली. तो शांतपणे म्हणाला, "काका, मग इयन पेस?"

काका गप्पच झाले. मीपण.

खरंय ना, कीबोर्डवाला जॉन लॉर्ड २०१२ ला वारला, स्टीव्ह मोर्सने बायकोच्या आजारपणामुळे २०२२ ला बँड सोडला, आता गिटारवर सायमन मॅकब्राइड. १९६८ पासून आजतागायत प्रत्येक लाइनअपमध्ये एकच माणूस, ड्रम्सच्या मागे बसलेला इयन पेस. ब्लॅकमोरची गिटार मलाही हवीहवीशी वाटते, ते नाकारत नाही, पण म्हणून उरलेल्यांना नुसतं नाव म्हणायचं?

घरी येईपर्यंत आमच्या लालबागच्या चाळीतलं भजनी मंडळच डोक्यात होतं. बुवा बदलले, टाळकरी कोण डोंबिवलीला गेले कोण विरारला, पखवाजावर मात्र अजून तेच आजोबा. एकादशीला ते मांडी घालून बसतात, धुमेला कणीक लावतात, दोनदा थाप मारून बघतात, आणि मला तरी मंडळ तेच वाटतं जे लहानपणी ऐकलं होतं.

ठाण्याला उतरताना काकांनी त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला, बोलले काहीच नाहीत.

तुम्हाला काय वाटतं, बँड नक्की कोणाचा?