ओला, सुका आणि तिसरा डबा

हिरवा आणि निळा डबा आता बऱ्याच घरांत रुळलाय. पण २०१६ च्या घनकचरा नियमांत कचऱ्याचे भाग तीन होते. तिसरा म्हणजे घरगुती घातक कचरा: मुदत संपलेली औषधं, सेल, ट्यूबलाइट, इंजेक्शनच्या सुया, रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे. निघतो इतका थोडा, की सरळ सुक्यात टाकला जातो. मग वर्गीकरण करणाऱ्या बाईच्या हातात सुई घुसते.

घट्ट झाकणाची एक बरणी मुलांच्या हाताला न लागेल अशी ठेवली की काम भागतं. इन्सुलिनच्या सुया मात्र वेगळ्या, जाड प्लास्टिकच्या बाटलीत. पाऊण भरली की झाकणाला चिकटपट्टी. मोबाइल-लॅपटॉपच्या बॅटरीच्या टोकांवरही चिकटपट्टी लावायचीच. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर लिथियम बॅटरी पेट घेते. फुगलेली असेल तर टोचू नका, चार्जही करू नका.

सगळ्यात चुका होतात त्या पाऱ्याच्या बाबतीत. जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो, सीएफएलमध्ये जेमतेम काही मिलिग्रॅम. फुटलं की हात आधी झाडूकडे जातो, आणि तिथेच चुकतं. झाडूने एका थेंबाचे शंभर होतात, वाफ जास्त निघते, शिवाय झाडूही बाद. व्हॅक्यूम क्लीनर तर ती वाफ घरभर उडवतो.

मुलांना बाहेर काढा. पंखा-एसी बंद, खिडक्या उघड्या. अंगठ्या काढून ठेवा, कारण पारा सोन्याला धरतो. रबरी हातमोजे घालून दोन पुठ्ठ्यांनी थेंब एकत्र लोटा आणि ड्रॉपरने बाटलीत घ्या. टॉर्च जमिनीलगत तिरका धरला की उरलेले थेंब चमकतात. ते चिकटपट्टीने टिपा. पुठ्ठा, पट्टी, मोजे, सगळं त्याच बाटलीत किंवा बंद पिशवीत. बेसिनमध्ये काही ओतू नका, पारा वाकड्या पाइपात बसून राहतो. सीएफएल फुटला तर आधी दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा, बाकी रीत तीच.

गोळ्या-सिरप कमोडमध्ये ओतायची सवयही वाईटच. सांडपाणी प्रकल्प औषधं पुरती गाळू शकत नाहीत. बरणी भरली की वॉर्ड ऑफिसात घातक कचऱ्याचं संकलन केंद्र कुठे आहे ते विचारा. घंटागाडीवर द्यायची असेल तर वेगळी पिशवी, वर मोठ्या अक्षरात 'घातक', आणि हातात देताना तोंडानेही सांगा.