थर्मासभर हिरे

गुरुवार, रात्री साडेअकरा

आज सायंकाळी ‘फ्लॉलेस’ हा २००७ सालचा इंग्रजी चित्रपट पाहिला आणि तेव्हापासून त्यातला नट मायकल केन काही डोळ्यांसमोरून हलत नाही. चित्रपट तसा बेताचाच आहे, हे आधी नोंदवून ठेवतो. ‘इल पोस्तिनो’सारखा हळवा चित्रपट करणाऱ्या मायकल रॅडफर्डने याचे दिग्दर्शन केले असल्याने माझ्या अपेक्षा जरा जास्तच होत्या.

काळ १९६० सालचा, शहर लंडन. हिऱ्यांच्या व्यापारावर घट्ट पकड असलेल्या एका बड्या कंपनीत लॉरा क्विन ही हुशार अधिकारी वर्षानुवर्षे बढतीची वाट पाहते आहे. तिला नोकरीवरून काढणार असल्याची बातमी तिला कळते ती हॉब्सकडून, म्हणजे तिथे रात्रपाळीला साफसफाई करणाऱ्या, निवृत्तीला टेकलेल्या कामगाराकडून. कॉफीच्या थर्मासात मावतील तेवढेच हिरे उचलू, कुणाच्या ध्यानातही येणार नाही, असा बेत तो तिच्यापुढे मांडतो. प्रत्यक्षात मात्र सगळी तिजोरीच रिकामी होते. हे कसे घडले याची उकल मला फारशी पटली नाही. तपासाचा भाग रेंगाळतो, सोव्हिएत हिऱ्यांच्या गुप्त व्यवहाराचा धागा नुसताच लोंबकळत राहतो, आणि म्हातारी झालेली लॉरा ही हकिकत सांगते आहे अशी जी चौकट कथेला दिली आहे, तिच्यात डेमी मूरच्या चेहऱ्यावरची रंगभूषाच आधी नजरेत भरते.

पण केननी उभा केलेला हॉब्स! चित्रपट आला तेव्हा केन चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, दोन ऑस्कर त्यांच्या नावावर होते, आणि तरीही पडद्यावर आल्याबरोबर आपल्याकडे पाहावे असा कोणताही आग्रह ते धरत नाहीत. ज्याच्याकडे कुणी पाहत नाही अशा माणसाची भूमिका करायची तर तेच सर्वांत अवघड आहे. केन स्वतः दक्षिण लंडनच्या कष्टकरी वस्तीतले. वडील बिलिंग्जगेटच्या मासळी बाजारात हमाल होते आणि आई लोकांच्या घरी स्वयंपाक व साफसफाईची कामे करायची. हॉब्सची बोली आणि साहेबलोकांसमोरचे त्याचे अदबीने बोलणे त्यांना कुठून उसने आणावे लागले नसणार, असे मला पाहताना सारखे वाटत होते.

मला आमच्या बँकेच्या शाखेतले सफाईचे मामा आठवले. सायंकाळी हिशेब जुळत नसला की आम्ही टेबलांवर वाकलेलो असायचो आणि मामा ओले फडके घेऊन “साहेब, जरा पाय वर घ्या” एवढेच म्हणत खालून फरशी पुसून पुढे जायचे. आम्ही पाय वर घ्यायचो, पण मान वर करत नव्हतो. कुणाची बदली होणार, कुणावर चौकशी बसणार, हे सारे त्यांच्यादेखत बोलले जाई. हॉब्सची सगळी ताकद नेमकी याच्यातच आहे, आणि केनना ती संवादांतून सांगावी लागत नाही.

हॉब्स चोरी का करतो, याचे कारण पुढे उलगडते. त्याच्या पत्नीच्या आजारपणात विमा कंपनीने उपचारांचा खर्च नाकारलेला असतो. हा प्रसंग एखाद्या नटाने रडून-ओरडून गाजवला असता. १९८७ साली बीबीसीसाठी घेतलेल्या अभिनयाच्या पाठात केननी सांगितले होते की खरा दारूडा झोकांड्या खाऊन दाखवत नसतो, तो सरळ चालण्याची धडपड करत असतो. तेव्हा नटाने दाखवायची ती ही धडपड. दुःखाचेही त्यांनी इथे तेच केले आहे. हॉब्स रडत नाही, तो नीट बोलण्याचा प्रयत्न करतो. कथेतल्या ज्या गोष्टी तोवर मला अशक्य वाटत होत्या, त्यांवर या काही मिनिटांत माझा विश्वास बसला, निदान हा माणूस हे करील यावर तरी बसला.

जेवणानंतर तेवढाच प्रसंग मी पुन्हा लावला. हिला दाखवायचा होता. हिने चित्रपट पाहिलेला नव्हता, मागचेपुढचे काही ठाऊक नव्हते, तरी प्रसंग संपल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “याची बायको गेली ना?”