कांदा चाळीवरचा नवा पत्रा

नाशिक जिल्ह्यातल्या एका शेताच्या बांधावर आम्ही उभारलेल्या रेडिओमीटरवरून एप्रिलमधल्या एका दुपारी जमिनीचे तापमान ३० अंश सेल्सिअस निघाले, आणि त्याच जमिनीत अडीच सेंटिमीटर खोल पुरलेला तापमापी ४० दाखवत होता. दोन-तीन अंशांची तफावत आम्ही चालवून घेतो. दहाची कशी चालवणार?

हे यंत्र १.४ गिगाहर्ट्झला, म्हणजे सुमारे २१ सेंटिमीटर तरंगलांबीला, जमिनीतून आपसूक निघणारे क्षीण प्रारण टिपते. जमिनीतला ओलावा मोजणाऱ्या ‘स्मॅप’ उपग्रहाप्रमाणेच त्याचा अँटेना उभ्या रेषेशी ४० अंशांचा कोन करून जमिनीकडे पाहतो. कोरड्या मातीची उत्सर्जकता, म्हणजे आदर्श उत्सर्जकाच्या तुलनेत प्रारण सोडण्याचे प्रमाण, ०.९२ धरली, तर ३१३ केल्विन (४० अंश सेल्सिअस) तापमानाची जमीन त्याला साधारण २८८ केल्विनची दिसायला हवी. दिसत होती २८० च्याही किंचित खाली. पहिला संशय ओलाव्याचा आला, कारण पाणी मुरले की उत्सर्जकता झपाट्याने घसरते; पण मूठभर माती उचलली तर ती बोटांतून भुकटीसारखी गळाली. मोबाइल किंवा रडारचा उपद्रव म्हणावा, तर त्याने आकडा वाढतो, घटत नाही. शेवटी अँटेनाच्या तोंडावर काळ्या शोषक शंकूंची पेटी बसवून कॅलिब्रेशन तपासले. पेटीचे तापमान ३०६ केल्विन होते आणि यंत्रानेही ३०६ च दाखवले.

शिडीवर लॅपटॉप धरून उभा असताना समोरून अशी तिरीप आली की पडद्यावरचे काहीच दिसेना. कांदा चाळीवर कोरा पत्रा चमकत होता.

“काका, हा पत्रा कधी घातला?”

“चार दिवस झाले, साहेब. पाचट कुजलं होतं, काढून टाकलं.”

आमचे आकडेही चारच दिवसांपासून बिघडलेले होते. धातू स्वतः जवळजवळ काहीच उत्सर्जित करत नाही, तो आकाश परावर्तित करतो, आणि या तरंगलांबीला निरभ्र आकाश जेमतेम ५ केल्विनचे असते. अँटेना समोरच्या जमिनीखेरीज आजूबाजूच्या दिशांतूनही थोडे प्रारण टिपतो, त्या दिशांना साइड लोब म्हणतात. एकूण टिपलेल्या प्रारणात या साइड लोबमधून येणारा चाळीचा वाटा शंभरात तीन भाग धरला, तरी २८८ चे २७९.५ होतात आणि उत्तर थेट ३० अंशांवर येते. पेटीने अँटेनाचे तोंड पूर्ण झाकले जात असल्यामुळे साइड लोबलाही पेटीच दिसत होती. त्या तपासणीत हा दोष कधीच सापडला नसता, हे मला शिडीवरच उमगले आणि थोडी लाजही वाटली.

पत्रा बर्फापेक्षा थंड दिसतो, असे सांगितल्यावर काकांनी त्याला हात लावून पाहिला आणि चटका बसून झटकन मागे घेतला. “वरून पाचट टाकू का परत?” त्यांनी विचारले. कोरडे पाचट या तरंगांना जवळजवळ पारदर्शक असते, त्यामुळे पत्रा झाकूनही उघडाच राहिला असता. आम्ही खांबच फिरवून अँटेनाची पाठ चाळीकडे केली. पाच मिनिटांत आकडा २८७ वर चढला, आणि आधीच्या चार दिवसांची नोंद आम्ही बाद केली.