जिस्पा ते लेह, एका दिवसात

स्वतःच्या गाडीने हिमालयात जाणाऱ्यांना मी रस्ता आखून देतो. कुठून किती वाजता निघायचं, टाकी कुठे फुल्ल करायची, रात्री कुठे झोपायचं. गाडी त्यांची, चालवणार ते, आणि मी पुण्यात पंख्याखाली. माझा धंदा एवढाच.

२०२२ च्या जूनमध्ये तासगावकडचं एक द्राक्षबागायतदार कुटुंब आलं. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि आप्पा. आप्पांचं वय ६७, रक्तदाबाची गोळी चालू. मी नेहमीप्रमाणे आधी श्रीनगरचा रस्ता पुढे केला. तिकडून चढ सावकाश आहे. सोनमर्ग, मग ३,५०० मीटरवरचा झोजिला, की लगेच खाली २,७०० मीटरवर कारगिलला झोपायचं. दुसऱ्या दिवशी सगळ्यात उंच खिंड फोटू ला, तीही ४,१०० मीटरच. शरीराला उंची हप्त्याहप्त्याने मिळते.

मुलगा म्हणाला, "मनालीचं हॉटेल बुक झालंय सर. शिवाय पोरांना अटल बोगदा बघायचाय."

बोगदा बघायचाय! नऊ किलोमीटरचा अंधार. पण गिऱ्हाईक ठाम असलं की मी फार ताणत नाही. तेव्हा तर मुळीच ताणत नव्हतो.

मग मनालीचा आखला. मनाली २,०५० मीटर, दोन रात्री. जिस्पा ३,२०० मीटर, दोन रात्री. आणि तिथून पहाटे पाचला निघून थेट लेह, ३,५०० मीटर. मध्ये बारालाचा, लाचुलुंग, तांगलांग अशा ४,९०० ते ५,३०० मीटरच्या खिंडी येतात, पण त्या दिवसा ओलांडायच्या, तिथे झोपायचं नाही. उंचीचा त्रास चढण्यापेक्षा झोपताना जास्त धरतो, म्हणून तीन हजारांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, हा साधा हिशेब. जिस्पा ते लेह फरक ३०० चा. सव्वातीनशे किलोमीटरच्या वरचा दिवस, लांब खरा, पण दोन ड्रायव्हर होते. जिस्पाच्या आधी तांडीला टाकी फुल्ल करायची, कारण पुढचा पंप लेहजवळ कारूला. लडाखमध्ये तेव्हा बाहेरचं प्रीपेड चालत नव्हतं म्हणून पोस्टपेड सिम. डॉक्टरांना विचारून डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी. कागद तपासून बघितला, कुठे खोट दिसेना. वाटेत बारालाचाच्या पलीकडे सरचूच्या तंबूत पुष्कळ लोक राहतात, ते मी मुद्दाम टाळलं होतं. ४,२९० मीटर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. तिथे कशाला झोपायचं!

जुलैतल्या त्या दिवशी सकाळी पावणेनऊला मोबाइलवर फोटो आला. जिस्पाचं हॉटेल, इनोव्हा, सगळे हसतायत. खाली लिहिलेलं: निघालो.

पावणेनऊ. मी पाच म्हटलं होतं. आंघोळी, नाश्ता, पोरांचे फोटो, झालं असेल. मी 'उशीर झालाय, सांभाळून' एवढं लिहिलं आणि दुसऱ्या कामाला लागलो. तो निरोप त्यांना पोचलाच नाही.

पाचचा आग्रह थंडीसाठी नव्हता. जिस्पाच्या त्या भागात, लाहौलमध्ये, पाऊस तसा कमी, पण वरचं बर्फ उन्हाने वितळतं आणि रस्ता ओलांडणारे नाले दुपारपर्यंत फुगतात. पहाटे घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गाडीच्या दारापर्यंत येतं. हे मी त्यांना सांगितलं होतं का? 'पाचला निघा' असं लिहिलं होतं. कारण लिहिलं नव्हतं.

रात्री आठला लेहच्या हॉटेलला फोन केला. गाडी आलेली नाही. नऊला तेच. जिस्पाला फोन केला, तर तिथून गाडी केव्हाच गेलेली. मग मनालीच्या एका ओळखीच्या टॅक्सीवाल्याला पकडलं. तो म्हणाला, बारालाचाच्या आधी, झिंगझिंगबारच्या अलीकडे नाल्यात ट्रक रुतला होता, अडीचपर्यंत दोन्हीकडे रांग.

त्यानंतर मी जे केलं ते माझं रोजचंच काम होतं, फक्त उलट्या दिशेने. अडीचला नाला सुटला. रांग सरकून बारालाचा चारच्या सुमारास. पाचला सरचू. तिथून लेह अडीचशे किलोमीटर, मध्ये पाच हजारांच्या वरच्या दोन खिंडी, आणि अंधार. शहाणा माणूस पुढे जाणार नाही. म्हणजे आप्पा सरचूत झोपलेत.

आणि सरचूची गंमत अशी, की ते दोन उंच खिंडींच्या मधल्या खोलगट पठारावर आहे. उंचीचा त्रास वाढला की खरं औषध एकच, खाली उतरणं. पण तिथून खाली उतरायला आधी वर चढावं लागतं. मागे बारालाचा, ४,८९० मीटर. पुढे लाचुलुंग, ५,०६०. विहिरीत पडलेल्या माणसाला शिडी द्यावी आणि सांगावं, आधी कठड्याच्या वर दोन पुरुष चढ, तसं. हे मला माहीत होतं. म्हणून तर मी सरचू टाळलं होतं. पण टाळलं म्हणजे काय केलं, तर कागदावरून नाव काढलं. जागा तिथेच होती.

फोन कुणाचाच लागत नव्हता. रात्री दोनपर्यंत मी नकाशा उघडून बसलो होतो. बघायचं काहीच उरलं नव्हतं त्यात.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुलाचा फोन आला, जिस्पाच्याही खालच्या केलांगवरून. आप्पांचं डोकं बारालाचावरच दुखायला लागलं होतं. रात्री दोनदा उलटी झाली, पहाटे बोलणं अडखळायला लागलं. तंबूवाल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर होता. तंबूवालाच म्हणाला, उजाडायची वाट बघू नका, आता नाले उतरलेत, मागे फिरा. साडेचारला निघून, सिलिंडर मागच्या सीटवर लावून, त्यांनी बारालाचा ओलांडला. आदल्या दिवशी ट्रक रुतलेल्या नाल्यात चाकं जेमतेम भिजली.

"खाली जिस्पाजवळ दारच्याला आलो आणि आप्पा चहा मागायला लागले बघा," मुलगा म्हणाला. आवाज अजून कापत होता. सरकारी दवाखान्यात दिवसभर ठेवून घेणार होते.

मी विचारलं, डायमॉक्स?

"सोडली होती त्यांनी. लघवीला सारखं थांबायला लागायलंय म्हणून."

हेही मी लिहिलं नव्हतं, की त्या गोळीने लघवी जास्त होतेच. मी त्याला म्हटलं, चूक माझी आहे. अकरापर्यंत बारालाचा पार झाला नाही तर जिस्पाला परत फिरा, एवढी एक ओळ हवी होती. रांगेत अडकले तेव्हा जिस्पा मागे दोन-अडीच तासांवर होतं. तो म्हणाला, "ओळ असती तरी आम्ही फिरलो असतो का काय माहीत. सगळे पुढंच निघालेले."

हे तो माझी समजूत काढायला म्हणाला की खरंच, मला अजून ठरवता आलेलं नाही. बुकिंगचे पैसे, लेहचं हॉटेल, यावर थोडं बोलणं झालं. मग फोन आप्पांनी घेतला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर ते कागद चाळत होते, फडफड ऐकू येत होती.

"तुमच्या ह्या कागदात," आप्पा म्हणाले, "सगळ्या गावांची नावं हायत. पाण्याची, पेट्रोलची, हागायची सोय हाय. आम्ही ऱ्हायलो त्या गावाचं तेवढं नाव न्हाई की वो."