आबांसाठी उसाच्या बेटांवर

येत्या मे महिन्यात आम्ही कॅरिबियनला जाणार आहोत. बेटं दोनच, बार्बाडोस आणि त्रिनिदाद. मी, नवरा, लेक आणि माझे आई-आबा. ज्याला सांगावं तो आधी क्रूझचं विचारतो. आठवड्यात पाच-सहा बेटं दाखवणाऱ्या क्रूझ असतात, हे खरंच आहे. पण सकाळी उतरायचं, बंदराजवळच्या दुकानांतून फिरायचं आणि संध्याकाळी परत जहाजावर चढायचं, यात गावं दिसत नाहीत. आणि आबांना जे बघायचंय ते बंदरावर नाहीच.

आबा सहकारी साखर कारखान्यात पॅनमॅन होते. साखर तिथंच घडते, पॅनमध्ये, म्हणजे पाक आटवायच्या मोठ्या भांड्यात. उकळत्या पाकाचा नमुना काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरायचा, दिव्यासमोर धरायचा आणि दाणा बघायचा. दाणा सारखा आहे की बारीक भुगा पडायला लागलाय, हे त्या एका नजरेत कळलं पाहिजे. नाहीतर अख्खा पॅन बिघडला. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात नवी साखर आली की आबा आधी चिमूटभर तळहातावर घेऊन उजेडात बघतात.

अशा माणसाला सुट्टीवर न्यायचं तर कुठं, हा विचार मी बरेच दिवस करत होते. कॅरिबियन सुचलं ते उसामुळे. पांढरी वाळू आणि निळं पाणी सगळ्या जाहिरातींत असतं, पण ही बेटं घडली ती साखरेवर. बार्बाडोसमध्ये १६४० च्या दशकात ऊस आला आणि काही वर्षांतच सगळं बेट उसाखाली गेलं. त्यासाठी आफ्रिकेतून माणसं गुलाम म्हणून आणली. न्यूटन नावाच्या मळ्यावर त्यांची दफनभूमी आहे. शेकडो माणसं तिथं पुरलेली आहेत, बहुतेकांचं नाव कुठं नाही. तिथं जायचंच, हे मी पहिल्या दिवशी ठरवलं. सुट्टी असली म्हणून हे टाळून पुढं जावं, असं मला वाटत नाही.

१८३४ ला गुलामगिरी कायद्यानं संपली, १८३८ ला खऱ्या अर्थानं. मग त्रिनिदादच्या मळेवाल्यांनी मजूर आणले ते आपल्याकडून. ३० मे १८४५ ला ‘फातेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून २२५ माणसं घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. करार करून माणसं नेणं १९१७ पर्यंत चाललं. गेलेले बहुतेक अवध-बिहारकडचे. मराठी माणसं मॉरिशसला गेली, इकडे फारशी नाहीत. त्रिनिदादमध्ये ३० मे ला आजही राष्ट्रीय सुट्टी असते. त्या दिवशी आम्हाला तिथं असायचंय.

म्हणून मे. शिवाय आपल्याकडचा गळीत हंगाम तोवर संपलेला असतो, त्यामुळं माझा भाऊ शेतातून मोकळा असतो आणि घर त्याच्यावर टाकून आई-आबांना निघता येतं. लेकालाही सुट्टी. तिकडे जानेवारी ते मे कोरडे महिने, आणि चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. ऑगस्ट ते ऑक्टोबर सगळ्यात वाईट, पण जुलैवरही भरवसा ठेवू नये: १ जुलै २०२४ ला ‘बेरिल’ वादळानं ग्रेनाडाचं कॅरिआकू बेट झोडपून काढलं होतं. त्रिनिदाद दक्षिणेला असल्यामुळं बहुतेक वादळं त्याच्या उत्तरेकडून निघून जातात, म्हणून तो टप्पा शेवटी ठेवला.

कागदपत्रांचं सविस्तर लिहिते, कारण कोल्हापुरातून कुणाला जायचं असेल तर खरी अडचण इथंच येते. भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून या दोन्ही देशांत आधी व्हिसा काढावा लागत नाही. अडतं ते वाटेत. मुंबईहून थेट विमान नाही. अमेरिकेतून जायचं तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही ट्रान्झिट व्हिसा लागतो. लंडनवरून गेलो तरी ट्रान्झिट व्हिसा बघावा लागतो, आणि हीथ्रोला उतरून पुढचं विमान गॅटविकहून असेल तर वेगळ्या प्रकारचा. त्यामुळं स्वस्त तिकीट दिसलं म्हणून लगेच घेऊ नका. विमानतळ कोणता आणि सामान परस्पर पुढं जातंय का, हे आधी बघा.

दुसरी गोष्ट पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस. त्रिनिदादहून परतताना भारतात तिचं प्रमाणपत्र मागतात. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. पण साठीच्या पुढं ही लस पहिल्यांदा द्यायची तर डॉक्टर जपून निर्णय घेतात. म्हणून तिकिटाच्या आधी आई-आबांना आमच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. ते नको म्हणाले तर त्रिनिदाद सोडू, बार्बाडोसवरच राहू.

मला मनापासून वाटतं, सोडावं लागू नये. वॉटरलू गावाजवळ समुद्रात एक देऊळ आहे. सिवदास साधू नावाच्या ऊसमळ्यावरच्या मजुरानं १९४७ मध्ये आधी किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची होती. कंपनीनं पाडायला सांगितलं, तो ऐकेना, तुरुंगात गेला आणि देऊळ पाडलं गेलं. मग तो म्हणाला, समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही. सायकलवरून दगड-सिमेंट वाहून, पाण्यात भर टाकत टाकत, पंचवीसेक वर्षं त्यानं तिथं देऊळ उभारलं. आईला हे वाचून दाखवलं तेव्हा ती हातातली भाजी बाजूला ठेवून म्हणाली, “त्या माणसासाठी तरी जायाचं बघ.”

लेकाचं सगळं लक्ष बार्बाडोसच्या ब्रिजटाउन शहरातल्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानाकडे आहे. २९ जून २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषक आपण तिथंच सात धावांनी जिंकलो, त्या रात्री तो शिवाजी चौकात होता. नवऱ्याला पोर्ट ऑफ स्पेनचं क्वीन्स पार्क ओव्हल बघायचंय, कारण गावसकर १९७१ ला पहिली कसोटी तिथं खेळले. दोन्ही शहरांत राहणार असल्यामुळं दोघांचंही होईल. खाण्याची काळजी नाही. त्रिनिदादमध्ये सकाळी गाड्यावर डबल्स मिळतात, तळलेल्या मऊ पुऱ्यांत छोल्यांची आमटी भरलेली. आईला चालेल. बार्बाडोस महाग आहे, म्हणून तिथं स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घेणार. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, दर बांधलेला आहे, हिशेबाला सोपं.

आबांची यादी मात्र वेगळीच. त्रिनिदादमधली सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली. हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “आणि कामगारांचं काय झालं?” सेंट मॅडलीनचा कारखाना एकेकाळी ब्रिटिश साम्राज्यात सगळ्यात मोठा म्हणून नावाजलेला होता, त्याचं जे काही उरलंय ते त्यांना बघायचंय. आणि बार्बाडोसमध्ये १८८८ ला हॅरिसन आणि बॉवेल या संशोधकांनी उसाच्या तुऱ्यातल्या बियांपासून रोपं उगवतात हे दाखवलं. त्याच सुमारास जावातही हे कळलं होतं. तोवर ऊस कांड्यांनीच लावायचा, एवढंच माहीत. पुढं संकर करून नव्या जाती काढता आल्या त्या यामुळंच. आमच्या शेतातला ८६०३२ जातीचा ऊससुद्धा संकरातूनच आलेला. आबांना हे माहीत नव्हतं; ऐकल्यावर त्यांनी भावाला फोन लावून सांगितलं.

बार्बाडोसमध्ये पोर्टव्हेल हा एकच कारखाना उरलाय आणि त्यांचा हंगाम फेब्रुवारी-मार्चपासून मे-जूनपर्यंत चालतो. म्हणून बार्बाडोस आधी. चालू पॅन बघायला मिळण्याची आशा तिथंच. परवानगीसाठी पत्र लिहायचंय. आबा मजकूर सांगतायत आणि मी इंग्रजी करतेय: दिवसाला किती टन गाळता, साखरेचा उतारा किती बसतो, पॅन बॅचचे (एकेक खेप शिजवणारे) की कंटिन्यूअस (अखंड चालणारे), आणि दाणा अजून काचेवर बघता का.