आधी साईडकारखाली वाका

"मामा, घेऊया ना!" एवढंच लिहून भाच्याने लिलावाची नोटीस पाठवली. जैतापूर खाडीकाठच्या एका जुन्या घरातलं सामान निघालं होतं. शिसवी पलंग, तांब्याची घंगाळं, लंबकाचं घड्याळ, आणि यादीच्या अगदी तळाला 'बीएसए मोटारसायकल साईडकारसह, दुरुस्तीसाठी, जसे आहे जेथे आहे तत्त्वावर'. भाचा पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. हात काळे करायची हौस त्याला शनिवार-रविवारी येते.

आता तुमच्याही डोक्यात 'शोले'तलं ते दोन मित्रांचं गाणं सुरू झालं असणार. ते जरा बंद करा. त्या गाण्यापायी भंगाराला सोन्याचा भाव देणारी मंडळी मी बघितली आहेत. पुढे तीच मंडळी टेम्पोत गाडी घालून माझ्या वर्कशॉपच्या दारात उभी राहतात. माझं मूळ काम बोटींच्या इंजिनांचं. हर्णै रस्त्याला लेथ आहे, वेल्डिंग आहे. जुन्या मोटारसायकली हा नाद, धंदा नव्हे. असं आपलं बायकोला सांगायचं.

गाडी बघायला गेलो तर मागच्या पडवीत काजूच्या रिकाम्या गोणींखाली होती. गोणी उचलल्याबरोबर भाचा इंजिनावर झेपावला आणि किकवर पाय ठेवला. मी अक्षरशः त्याचा पाय धरला. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात, रिंगा चिकटलेल्या असतात. शिवाय या गाड्यांचं ऑईल वेगळ्या टाकीत असतं, आणि नुसत्या उभ्या गाडीत ते पंपातून झिरपत खाली क्रँककेसमध्ये उतरतं. आधी प्लग काढायचा, वरून थोडं तेल सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, मग हाताने हळूच फिरवून बघायचं. आणि मुळात, दुसऱ्याच्या मालाला लिलावाआधी किक मारायची नसते.

डाव्या बाजूला, सिलिंडरच्या खाली क्रँककेसवर नंबर असतो. तारेच्या ब्रशने घासला तर 'डब्ल्यूएम20' दिसलं. म्हणजे लष्करी माल. 496 सीसीचं एकच सिलिंडर, साईड व्हॉल्व्ह, ताकद जेमतेम 13 हॉर्सपॉवर. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमच्या बीएसएने ब्रिटिश सैन्यासाठी अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या काढल्या. युद्ध संपल्यावर इकडच्या गाड्या लष्कराच्या डिस्पोजलमधून बाहेर पडल्या आणि कुणाकुणाच्या दारात गेल्या. इंजिन असं की व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये, त्यामुळे हेड म्हणजे निव्वळ झाकण. कॉम्प्रेशन इतकं कमी की मिळेल ते पेट्रोल पिऊन चालेल. वाळवंटात, चिखलात, कसल्याही ड्रायव्हरच्या हाताखाली चालावं म्हणून बनवलेली वस्तू आहे.

म्हणूनच मी इंजिनाकडे फार बघत नाही. ते होतं. बोअर झिजला असेल तर लायनर घालता येतो. ओतकामाचं काही लागलं तर कोल्हापूरला फाउंड्रीवाले बसलेत. इतक्या गाड्या बनल्यामुळे इंग्लंडमध्ये सुटे भाग आजही मिळतात. टायर 3.25-19, म्हणजे जुन्या बुलेटचाच साईज, तो आपल्याकडे कुठेही मिळेल. एकच अडचण म्हणजे पाने. या नट-बोल्टांना आपले मिलिमीटरचे पाने बसत नाहीत, व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचे लागतात. त्या पान्यावर तीन-अष्टमांश लिहिलेलं असतं ते बोल्टच्या जाडीचं माप, पान्याच्या तोंडाचं नाही. नवीन पोरं इथे हमखास गोंधळतात, मग ॲडजस्टेबल पाना लावून नटांचे कोपरे गोल करून ठेवतात. माझ्याकडे वडिलांच्या वेळचा सेट आहे, जुन्या विलायती डिझेल इंजिनांसाठी घेतलेला. तो मी उसना देत नाही.

आता साईडकार. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव लागतो तेव्हा नवखा माणूस माशाचा आकार बघतो आणि जाणती बाई कल्ला उघडून बघते. साईडकारचा कल्ला म्हणजे तिच्या चासीचा पाईप, आणि तो दिसतो फक्त खाली वाकल्यावर. वरून तर काय, हिरवा रंग, पुढे छोटी काच, गादीवर रेक्झिन, सगळं झोकात. मी गोणी अंथरली आणि आडवा झालो.

कोकणात लोखंड बाहेरून कमी आणि आतून जास्त सडतं. खारं वारं तर बारा महिने आहेच, त्यात चार महिने पाऊस. बोल्टच्या भोकातून दमट हवा पाईपात शिरते, आतल्या आत पाणी धरतं आणि सगळ्यात खालच्या बाकापाशी साचून राहतं. बाहेर रंगाचे थर चढत जातात, आत पाईप कागदासारखा होतो. छोट्या हातोडीने टोकत टोकत जायचं. चांगला पाईप टणटण बोलतो. इथे पुढून निम्म्यापर्यंत टणटण, आणि मागच्या बाकापाशी एकदम ठप्प. तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवून जरा जोर दिला तर तो सरळ आत गेला. भोकातून गंजाचे पापुद्रे पडले आणि मागोमाग मुंग्या बाहेर आल्या. लाल, चावणाऱ्या. भाचा म्हणाला, "मामा, एवढंसंच तर आहे, पॅच मारू." असाच एक पॅच कुणीतरी आधी मारलेलाही होता, त्याच्या शेजारीच पाईप चिरला होता.

चासी मोटारसायकलला चार ठिकाणी घट्ट धरलेली हवी. इथे तीन ठिकाणी बरी होती आणि चौथ्या ठिकाणी जीपच्या पाट्याचा यू-बोल्ट आवळला होता. त्याने मोटारसायकलच्या फ्रेमलाच पोचा पाडलेला. हे मला खरं खटकलं. या फ्रेमचे पाईप ओतीव लगमध्ये, म्हणजे सांध्याच्या पोकळ तुकड्यांत बसवून पितळेने झाळलेले असतात. तिथे गल्लीतल्या आर्क वेल्डिंगने घाव घातला की सांध्याजवळ धातू कडक होतो आणि पहिल्या खड्ड्यात तडकतो. ते काम माहीतगार माणसाने गॅसवरच करायचं.

एवढा बाऊ कशाला, असं वाटेल. तर साईडकार लावलेली मोटारसायकल ही मोटारसायकल राहतच नाही. तिला वळणावर झुकवता येत नाही, हँडल ओढून वळवावी लागते. आपल्याकडे साईडकारची बसायची पेटी डावीकडे, त्यामुळे ॲक्सिलरेटर पिळला की गाडी डावीकडे ओढते, कारण पेटी मागे रेंगाळते. पुढचा ब्रेक दाबला की उजवीकडे, कारण पेटीला थांबायचं नसतं. डाव्या वळणावर वेग जास्त झाला तर साईडकारचं चाक सरळ उचललं जातं. आंबा घाटात रिकामी पेटी घेऊन उतरणाराने आत दोन चिरे ठेवावेत, मी तरी ठेवतो.

हे सगळं आटोक्यात राहतं ते जुळणीमुळे. दोन सरळ फळ्या घ्यायच्या, एक मोटारसायकलच्या दोन्ही चाकांना टेकवून, दुसरी साईडकारच्या चाकाला. दोन फळ्यांमधलं अंतर मागच्यापेक्षा पुढे अर्धा ते पाऊण इंच कमी हवं. शिवाय मोटारसायकल पेटीपासून किंचित बाहेर कललेली हवी, कारण आपला रस्ता डावीकडे उतरता असतो आणि गाडी सारखी गटाराकडे जाऊ बघते. ही मापं माणूस बसवून घ्यायची, रिकाम्या गाडीवर नाही. आणि चासीच मऊ असेल तर आज लावलेली जुळणी पावसाळी खड्ड्यांच्या एका फेरीत गेली.

पेटीचं काय ते आमच्या होडीवाल्या सुताराला विचारलं. आतला लाकडी सांगाडा वाळवीने खाल्लेला, तो म्हणाला सागात करून देतो. दुसरा एक जण फायबरमध्ये काढून द्यायला तयार होता, बोटी करतो तसा. मी नको म्हटलं. गुळगुळीत होते, मान्य, पण हलकी होते, आणि साईडकारला थोडं वजन हवंच असतं. पेट्यांच्या धंद्याला हसू नका बरं. विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्सली यांनी 1922 मध्ये ब्लॅकपूलला स्वॅलो नावाच्या साईडकार बनवायला घेतल्या, त्याच धंद्यातून पुढे जॅग्वार उभी राहिली.

राहता राहिले कागद, आणि ते नव्हतेच. घरच्यांना फक्त "आजोबा फिरवायचे" एवढं माहीत. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, फी 20,000 रुपये, दहा वर्षांसाठी. पण ती रॅलीला, प्रदर्शनाला, फार तर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला नेण्यासाठी, रोज बाजारात न्यायला नव्हे. आणि ती मिळवायलाही मूळ मालकाचा काहीतरी पुरावा हातात लागतोच. मी भाच्याला सांगितलं, लाखाच्या वर एक रुपया बोलायचा नाही.

बोली सुरू झाली आणि लाख कधी मागे पडला कळलंही नाही. दोन लाखांच्या पुढे कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी घेतली. भाच्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ती विकली.

त्या गृहस्थांचा आठवड्याने फोन आला, घरच्यांकडून माझा नंबर मिळाला म्हणे. चासी करून द्याल का? करतो म्हटलं. जुन्या चासीवरून माप घेऊन नवीन सीमलेस पाईप, चार ठिकाणी पकड, प्रत्येक पाईपात तेल फिरवून तोंडं बंद. फ्रेमच्या पोच्याला हात लावणार नाही, तो तिकडच्या गॅसवाल्याकडून करून आणा. पेटी आणू नका, नुसती चासी आणा, आणि उतरवताना मुंग्यांना सांभाळा. मजुरी सांगितली तर थोडी घासाघीस केली त्यांनी. निम्मे पैसे आल्यावर पाईप कापतो.